प्रभुभोजनाआधी उठून जाणारे दादा

"ताई, माझा विश्वास कमी पडला म्हणून देवानं असं केलं का?"

मी समुपदेशन करते, आणि सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला. मराठवाड्यात तेव्हा जे पाणी झालं ते ज्यांनी बघितलं त्यांना वेगळं काय सांगायचं, सोयाबीन काढणीला आलेलं आणि नदीकाठच्या रानात तर पीक सोडाच, मातीसुद्धा राहिली नाही, सगळी खरडून गेली. त्यातल्याच एका दादांबद्दल लिहितेय. गाव आणि घरातले तपशील बदललेत, त्यांना विचारूनच लिहितेय.

त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या वहिनी. मूळची जालन्याजवळच्या बेथेलची माणसं, ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या त्या वस्तीतली, पिढ्यान्‌पिढ्या विश्वासात असलेलं घर. वहिनींनी पहिलं काय सांगितलं, तर "हे आजकाल चर्चमधी शेवटच्या बाकावर बसतेत अन् प्रभुभोजनाच्या आधी उठून भायेर जातेत." प्रभुभोजन म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. झोप नाही, जेवण नाही, हे सगळं नंतर आलं. पण मला वाटतं वहिनींनी बरोबर दुखरी जागाच दाखवली होती.

दादा खाली बघत बसलेले. मी त्यांना सरळ विचारलं, मरणाचे विचार येतात का. असं विचारलं तर माणसाच्या डोक्यात उलट तेच भरतं असं बऱ्याच जणांना वाटतं, आपल्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनाही वाटतं, पण तसं होत नाही, विचारल्यावर माणूस मोकळा होतो. दादांनी मान हलवली. हो म्हणून. मग त्या दिवशी आम्ही दुसरं काही केलंच नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो, घरातली फवारणीची औषधं भावाकडे हलवली, १४४१६ हा टेलिमानस म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये टाकला, तो फुकट आहे आणि रात्रीबेरात्री पण लागतो. बायबलमधलं वचन एकही वाचलं नाही मी. बायबलमध्ये एलीया संदेष्टा झाडाखाली बसून मरण मागतो तेव्हा देव त्याला आधी झोपू देतो, मग भाकर आणि पाणी देतो, तेही दोनदा, आणि बोलणं बरंच नंतर होतं. १ राजे, अध्याय १९. मला समुपदेशनाच्या कोर्समध्ये जे शिकवलं ते तिथं आधीच लिहिलेलं आहे.

तिसऱ्या भेटीत दादा बोलायला लागले. पुरानंतर प्रार्थनेला आलेल्या लोकांनी त्यांना बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट वाचून दाखवला होता, अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. सांगणाऱ्यांचं मन चांगलंच होतं हो, पण दादा म्हणाले, "ताई, मला तर आनंद होईना. गोठा रिकामा बघितला की रडूच येतं. मंग मी कशाचा विश्वासणारा? कोणत्या तोंडानं भाकर घेऊ?" म्हणून ते उठून जात होते.

मी म्हटलं दादा, हे पुस्तक तीनच अध्यायांचं आहे, आज आपण सुरुवात वाचू. आणि सुरुवातीला हबक्कूक देवाशी चक्क भांडतोय, मी किती वेळ ओरडू, तू ऐकत का नाहीस असं विचारतोय, आणि देव त्याला गप्प बस म्हणत नाही, उत्तर देतो. आनंदाचं वाक्य ह्या भांडणानंतर आलंय. दादा म्हणाले, "हे मला कोणीच वाचून दाखवलं नव्हतं."

मग हळूहळू पैशाचं निघालं. पीककर्ज होतं ते वहिनींना माहीत होतं. पण पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी गावातल्या एकाकडून महिना शेकडा ५ रुपये व्याजानं पैसे उचललेले, ते घरात सांगितलेलं नव्हतं, आणि त्यातूनच दर महिन्याला दशमांशाचं, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला द्यायचं, पाकीट पण भरत होते, पाकीट हलकं झालं तर लोकांना कळेल म्हणून. इथं मी गोड बोलले नाही. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात काय लिहितो ते दाखवलं, की जवळ असेल त्या मानानं दिलेलं मान्य होतं, नसलेल्यातून नाही. व्याजानं आणून दान टाकायला तुम्हाला देवानं सांगितलेलं नाही दादा, हे लोकलाजेचं आहे.

पण एक गोष्ट ते सहज बोलून गेले आणि मी त्यांना तिथंच थांबवलं. पंचनाम्याच्या वेळी एकानं त्यांना सुचवलेलं, न बुडालेलं एक एकर पण बुडालं म्हणून लिहून टाकू, थोडं इकडंतिकडं करू. दादा नाही म्हणाले. नंतर घरी येऊन स्वतःलाच मूर्ख म्हणत बसले. मी विचारलं, हातात रुपया नसताना तुम्ही खोटं लिहू दिलं नाही, हा दिवस विश्वासाच्या हिशोबात धरला का? धरलाच नव्हता! मनाला काय वाटतं आणि पाकिटात किती पडतं एवढंच मोजत होते. मला त्या वेळी खरंच भरून आलं.

मी म्हटलं, पंचनाम्यात खरं बोललात, आता घरात पण बोला. माझ्यासमोरच बोलले, आकड्यासकट. वहिनी बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, "आकडा माहीत नव्हता. तुम्ही रातभर जागे असता ते माहीत होतं." चिडल्या पण, आणि चिडायलाच पाहिजे होतं.

देणं अजून आहे. ज्यानं व्याजानं पैसे दिले त्या माणसाकडे सावकारीचं लायसन नाही आणि तो एका एकराचं खरेदीखत करून मागत होता, तेव्हा सहीच करू नका म्हटलं आणि सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज द्यायला लावला, २०१४ चा सावकारीचा कायदा त्यासाठीच आहे. अर्ज लिहायला चर्चचे पाळकसाहेब स्वतः बसले. पोरीची फी आता हप्त्यानं भरतात. राहिलेल्या रानात हरभरा पेरला. दशमांशाचं पाकीट दोन महिने रिकामं गेलं आणि कुणी काही बोललं नाही.

गोळ्या चालू आहेत, भेटी पण. मागच्या महिन्यात वहिनींचा फोन आला, आज हे प्रभुभोजनाला थांबले म्हणून. मी विचारलं, बाक कोणता? "शेवटचाच," म्हणाल्या, "पण मी बी तिथंच जाऊन बसले."