दार उघडलं की कुत्रा बाहेर पळतो, त्याला कसं आवरायचं?

परत आल्यावर दोन रट्टे दिले तरी तुमचा कुत्रा सुधारत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सुधारणार नाहीच. आधी ती काठी माळ्यावर टाका.

आमचं घर गुहागरजवळ, एसटीच्या रस्त्याला लागून. मासेवालीची हाक आली आणि सासूबाईंनी पडवीचं दार उघडलं की आमचा वाघ्या त्यांच्या पायांतून सटकून थेट रस्त्यावर. तो परत येईपर्यंत थोरले दीर चिव्याची काठी घेऊन खळ्यात उभे. झालं काय, तर वाघ्याचं पळणं तसंच राहिलं, परत येणं मात्र बंद झालं. बेड्याबाहेर, म्हणजे आवाराच्या फाटकाबाहेर, दगडी गडग्याला चिकटून, शेपूट पोटाशी घेऊन तिन्हीसांजेपर्यंत बसून राहायचा. आमच्याकडे त्याच वेळेला बिबट्या उतरतो, कुत्री उचलतो. पळाला म्हणून मारलं, हे आपल्याला ठाऊक. कुत्र्याला एवढंच कळतं की घरी आलो आणि मार बसला. हे दिरांना सांगितलं तर म्हणाले, "गावठी कुत्र्याला कसलं शिकवतेस?"

गावठी कुत्रा सगळं शिकतो. त्याला बाहेरच जायचंय, तेव्हा उघडं दार हेच त्याचं बक्षीस. पट्ट्याची दोरी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि कडीला हात लावा. कुत्रा उठला की हात मागे. बसला की दार बोटभर उघडा, पुढे सरकला की लोटून घ्या. ओरडायचं नाही. वाघ्या कडीच्या आवाजालाच ताडकन उठायचा, म्हणून मी आधी नुसती कडीच वाजवत बसायचे. थांबला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा (सुकट नको, खारट असते), मग "चल" म्हणून आपणच बाहेर न्यायचं. घरातल्या एकानेही "जाऊ दे गं" म्हणून त्याला सोडलं की सगळं मुसळ केरात.

नर असेल तर भाद्रपदात तो यातलं काही ऐकेल असं नाही. नसबंदी करून घ्या. गणपतीत दार दिवसभर उघडं असतं, तेव्हा मागच्या खोलीत बांधलेला बरा.

आता दार सताड उघडं असलं तरी वाघ्या उंबरठ्याच्या आत बसतो. दीर म्हणतात, वय झालं त्याचं. वय झालं असतं तर "चल" म्हटल्यावर बेड्यापर्यंत असा सुसाट सुटला नसता.