जुन्या दप्तराचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडात नॉरफोक परगण्यातल्या एका खेड्यात राहते. तिथल्या चर्चच्या फरशीत एक पितळी पत्रा बसवलाय. त्यावर चिलखतातला जमीनदार, शेजारी बायको आणि पायाशी ओळीनं आठ पोरं कोरली आहेत. माणूस १४०० च्या सुमाराचा. गावातल्या एक आजी त्याचं घराणं शोधताहेत म्हणे. तेव्हा जन्माचे दाखले नव्हते, मग सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा बाप कोण नि मुलगा कोण, हे कळणार कसं?
– एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, जन्माचा दाखला विसरा. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही गावोगावच्या चर्चनं ठेवावी, असा हुकूम तिकडे निघाला तो १५३८ मध्ये. त्याआधी कुणाच्या जन्मण्यावर कुणाची वसुली अडलेली नव्हती, म्हणून कुणी लिहून ठेवलं नाही. मरण मात्र लिहिलं. राजाकडून थेट जमीन धरलेला माणूस मेला की वारसानं नजराणा भरायचा. वारस अज्ञान असला तर तो सज्ञान होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न राजाचं, आणि त्या पोराचं लग्न लावायचा हक्कही राजाचा. हा हक्क राजा चक्क विकायचा. एवढा पैसा गुंतल्यावर कागद होणारच. माझी नोकरी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. कोणत्या फडताळातले दप्तराचे रुमाल नीट बांधलेले असतात, हे मला कुणी सांगायला नको.

तर माणूस मेला की राजाचा अधिकारी त्या भागातले पंच गोळा करी, शपथ घाली आणि विचारी : मयताकडे जमीन कोणती, कोणाकडून, कोणत्या चाकरीवर, उत्पन्न किती, मेला कधी, वारस कोण, त्याचं वय काय? आपल्या तलाठ्याचा गाव नमुना ६-क, वारसांची नोंदवही, यातलं निम्मं आजही विचारतो. या मरणोत्तर चौकशा तेराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंतच्या आहेत आणि लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मूळ लॅटिन, पण पुष्कळांचे इंग्रजी सारांश छापले गेलेत. आजींनी सुरुवात इथून करावी, आणि मयतापासून मागे सरकावं.

वयाचा आकडा मात्र जपून. ‘२१ वर्षे आणि अधिक’ असं लिहिलेलं असतं, आणि त्या ‘अधिक’मध्ये तिशीचा गडीही बसतो. अज्ञान वारस सज्ञान झाला की वयाची वेगळी चौकशी बसे. एक पंच सांगे, या पोराच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीच मी घोड्यावरून पडलो, पाय मोडला, म्हणून ध्यानात आहे. दुसरा म्हणे, त्याच आठवड्यात माझा मुलगा पुरला. आपले म्हातारे ‘बहात्तरच्या दुष्काळातला’ म्हणतात, तसंच. पण पुढे अभ्यासकांना दिसलं, की तेच मोडके पाय आणि त्याच जळालेल्या घरांच्या गोष्टी वेगवेगळ्या परगण्यांत पुन्हा पुन्हा येतात. छापील साच्याचे पंचनामे काय आपणच लिहितो!

कधी कधी चौकशीत सापडतं, की एवढ्या मोठ्या जमीनदाराकडे मरताना काहीच नव्हतं. दचकू नये. चौदाव्या-पंधराव्या शतकात जमीन मित्रांच्या नावावर करून ठेवायची आणि पीक आपण खायचं, ही युक्ती रूढ होती. कागदावर मालक मित्र, ते सगळे एकदम मरत नाहीत, त्यामुळे राजाला नजराणा नाही. आपण याला बेनामी म्हणतो. १५३६ मध्ये कायदा करून राजानं ही पळवाट बुजवली. अशा वेळी मित्रांचीच नावं उतरवून घ्यावीत. त्यांत मेव्हणे, सासरे, शेजारचे जमीनदार हमखास निघतात.

आणि बायको. पत्र्यावर ती नवऱ्याएवढीच मोठी कोरलेली, पण वंशावळीत गायब, असं फार होतं. तिला शोधायचं ते जमिनीच्या तडजोडपत्रांत. दोन्ही पक्ष ठरवून लटका दावा लावायचे आणि न्यायालयासमोर तडजोड करायचे. एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर तीनदा लिहून नागमोडी कापायचे. एकेक तुकडा दोन्ही पक्षांना, खालचा सरकारी खजिन्यात. ही खालच्या तुकड्याची पद्धत ११९५ पासून १८३० च्या दशकापर्यंत चालली. विधवेला नवऱ्याच्या जमिनीत सहसा तिसरा हिस्सा हयातभर मिळे. पुढे तो हक्क उभा राहू नये म्हणून विक्रीच्या वेळी बायकोलाही पक्षकार करत. त्यामुळे तिचं नाव तिथे येतं, बापाचं नाव मात्र बहुधा नाही.

आठ पोरांचं म्हणाल तर सगळ्यांची नावं मिळतील ही आशा नको. अशा पत्र्यांवर तान्हेपणी गेलेली मुलंही कोरत. सरकारी कागदाला थोरला मुलगा पुरे. मुलगा नसेल तर सगळ्या मुलींत सारखे हिस्से, मग मात्र प्रत्येकीचं नाव आणि जावयाचंही.

प्रश्न : इंग्रज घराण्यांच्या वंशावळी इंटरनेटवर थेट १०६६ पर्यंत अखंड दिसतात. खऱ्या मानाव्यात का?
– एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : बहुतेक नाही. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्यानं करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, म्हणजे १०८६ च्या डूम्सडे बुकात, गाव कुणाकडे आहे आणि १०६६ मध्ये कुणाकडे होतं ते मिळतं, पण बापाचं नाव क्वचितच. त्यानंतरच्या शंभर वर्षांत कागद विरळ, आडनावं अस्थिर. माणूस गावाच्या नावानं ओळखला जाई आणि धाकटा भाऊ दुसऱ्या गावी गेला की त्याचं आडनाव वेगळं. पारोळ्याहून एरंडोलला गेलेल्या पारोळकराला कोणी एरंडोलकर म्हणावं, तसं. १५३० ते १६८८ या काळात राजाचे चिन्हाधिकारी, म्हणजे घराण्यांच्या ढालचिन्हांवर देखरेख ठेवणारे, परगण्यांत फिरून वंशावळी उतरवून घेत, पण त्या सांगणार घरचेच. आजोबांपर्यंतचं धरावं, त्यापलीकडचं कागदाशी ताडून घ्यावं.

प्रश्न : आमच्याकडे वतनाच्या भांडणाचा मोडी कागद आहे. साल ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’. त्यात सात पिढ्यांची वंशावळ आहे. तुम्ही सांगता तसं आम्हाला जमेल का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : जमेल, पण सात पिढ्यांवर भाळू नका. ती वंशावळ भांडणाऱ्यानं स्वतःच्या हक्कासाठी सांगितलेली आहे. तुमच्या गावात पाटील किती आहेत, ते तुम्ही जाणताच, म्हणून आडनावानं शोधूच नका. म्हाताऱ्यांना विचारा, ‘वावर कोनं शे?’ आणि त्या वावरामागे चला. सातबारा, त्यावरचे फेरफार, तालुक्याला कडईपत्रक म्हणजे जमिनीची जुनी नोंद, पुढे १८५२ च्या कायद्यानंतरचे इनाम चौकशीचे कागद. १८१८ आधीचं पाहायचं तर पुण्याचं पेशवे दप्तर, आणि घराजवळ धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्याही बघा. तिथे यात्रेला गेलेल्यानं नावं सांगितलेली असतात आणि जमीन मिळण्याची लालूच नसते.

तुमचं साल म्हणजे शुहूर ११९२; शुहूर ही मराठेशाहीच्या कागदांतली, अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेली कालगणना. त्यात ५९९ मिळवा. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून कागद १७९१ च्या मृगापासून १७९२ च्या मृगापर्यंतचा. मोडी वाचणाऱ्याकडून महिना आणि चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख, वाचून घ्या. दुसऱ्या पक्षाचं म्हणणंही त्याच कागदात असेल, आणि त्यानं सांगितलेली तुमची वंशावळ आधी वाचा.