बोटीच्या जीपीएसमध्ये पॉइंट टाकला तरी बोट भलतीकडेच जाते, कुठली सेटिंग बदलायची?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या वहीतले जुने पॉइंट नवीन मशीनमध्ये टाकले, आकडे दोनदा तपासले, तरी बोट अर्धा किलोमीटर बाजूलाच पोचते. मशीन बदलायला धावू नका, बहुतेक पोझिशन फॉरमॅटचा, म्हणजे जागेचे आकडे लिहायच्या पद्धतीचा घोळ आहे. आमच्याकडे रत्नागिरीला हेच झालं होतं, काकांच्या वहीत एका खडपाचा, म्हणजे पाण्याखालच्या खडकाचा पॉइंट होता १६ अंश ५८ मिनिटं ४५ सेकंद, आणि मी मशीनमध्ये टाकला १६ अंश ५८.४५०, कारण मशीन सेकंद मागतच नव्हतं, मिनिटाचे दशांश मागत होतं. ४५ सेकंद म्हणजे ४५ भागिले ६०, म्हणजे .७५०, तर बरोबर आकडा ५८.७५० होता. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, म्हणजे माझी चूक झाली साडेपाचशे मीटरची. खडप चुकवायचं म्हणून टाकलेला पॉइंट, आणि जाळं नेमकं खडपावर गेलं, निम्मं तिथेच राहिलं. काका एक शब्द बोलले नाहीत, पण मला अजून वाईट वाटतं.

म्हणून आधी सेटिंग्जमध्ये युनिट्स, तिथे पोझिशन फॉरमॅट बघा. तिथे तीन प्रकार असतात, नुसते अंश दशांशात, अंश आणि मिनिटं दशांशात, नाहीतर अंश-मिनिटं-सेकंद. वही सेकंदात असेल तर मशीन सेकंदावर न्या, सगळे पॉइंट टाका, मग हवं तर परत दशांशावर आणा, आकडे मशीन स्वतःच बदलून दाखवतं. पण आधी चुकीचा टाकलेला पॉइंट फॉरमॅट बदलून सुधरत नाही, तो पुसून नव्याने टाकावा लागतो, इथेच बरेच जण फसतात. वहीत शेवटचा आकडा कुठेही ५९ च्या वर दिसला तर ते सेकंद नाहीत हे पक्कं. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राकडून मासळीच्या जागांचा अंदाज येतो त्यात जागा अंश-मिनिटं-सेकंदात आणि अंतर किलोमीटरमध्ये असतं, मशीन मैल दाखवत असेल तर तिथेही गोंधळ होतो.

दुसरं म्हणजे मॅप डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश कुठल्या मापाने धरायचे ती सेटिंग, तो डब्ल्यूजीएस ८४ ठेवा. कोणी यादीत इंडियन नाव बघून ते निवडतो, आपल्याकडचंच असेल म्हणून, तसं करू नका, जागा सरकते. हेडिंग, म्हणजे बोटीची दिशा, ट्रू (खऱ्या उत्तरेपासून) की मॅग्नेटिक (होकायंत्राच्या उत्तरेपासून) यावर डोकं खपवू नका, आपल्या कोकण किनाऱ्यावर फरक जेमतेम एखाद अंशाचा आहे, फक्त होकायंत्राशी जुळेल असं ठेवा. सिम्युलेटर मोड बंद आहे ना तेही बघा, तो चालू असला तर बोट जेट्टीला बांधलेली आणि स्क्रीनवर मात्र चाललेली दिसते.

पावसाळी बंदीनंतर मशीन पहिल्यांदा लावताना आकाश मोकळं दिसेल अशा ठिकाणी पंधराएक मिनिटं चालू ठेवा. मग जेट्टीवरच एक पॉइंट सेव्ह करून मोबाइलवरच्या जागेशी ताडून बघा. मोबाइल बहुतेक नुसते अंश दाखवतो, माझा तो वर सांगितलेला खडपाचा पॉइंट तिथे १६.९७९१७ असा दिसेल, तेवढं लक्षात ठेवा. आणि पॉइंटकडे जायचं गो-टू बटण दाबलं की मशीन सरळ रेघ मारतं, मध्ये खडप आहे का जमीन आहे हे बघत नाही, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा दर पावसात सरकतो, तिथे जुन्या ट्रॅकवर डोळे मिटून शिरू नका, एक माणूस पुढे नाळेवर उभा करा.