कॅनडाला यायचंय, तर ऑक्युपेशनल थेरपीची (ओटी) कोणती मॉडेल्स शिकू?

तू लिहिलंयस की बीओटी (ओटीची पदवी) झालं, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सेंटरमध्ये स्ट्रोकचे आणि हाताच्या दुखापतींचे पेशंट बघतेस आणि पुढच्या वर्षी ऑन्टारिओला यायचा विचार पक्का होतोय. इथल्या नोकरीच्या जाहिरातींत मोहो, सीमॉप-ई, पीईओ, कावा अशी मॉडेल्सची नावं दिसतात. कॉलेजात ती घाईघाईत उरकली होती, म्हणून यातलं नेमकं कोणतं पाठ करू, असं विचारतेस. मीही मंगळवार पेठेतली, आता इथे कॅनडात एका रिहॅब हॉस्पिटलात ओटी आहे. थोडं लांबलचक होईल, पण नीट सांगते.

पाठ करण्यासारखं यात फार थोडं आहे. पेशंटला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, त्याच्या उत्तरानंतर कुठे वळायचं आणि कोणती गोष्ट आपल्या नजरेतून सुटू शकते, हे मॉडेलमुळे ठरतं. इथे तुझ्या हाताचं कसब बघतातच, पण त्याआधी तू अमुक ध्येय का धरलंस, हे शब्दांत मांडायला सांगतात. आपल्याकडे ओपीडीत रांग एवढी असते की हा विचार डोक्यात झाला तरी तोंडातून यायची वेळच येत नाही. ही सवय तुला आतापासून लावावी लागेल.

आधी एक गुंता सोडवू. बायोमेकॅनिकल, एनडीटी, ब्रनस्ट्रॉम, जीन एअर्स यांचं सेन्सरी इंटिग्रेशन, हे सगळं उपचारांचं शास्त्र तुला येतं. याला फ्रेम ऑफ रेफरन्स म्हणतात. हालचाल, ताकद, टोन (स्नायूंचा ताण), संवेदना यांचं काय बिघडलंय आणि ते कसं सुधारायचं, हे त्यातून कळतं. मोहो, सीमॉप-ई, पीईओ ही त्यांच्या वरच्या पातळीवरची मॉडेल्स आहेत. माणूस काय करत होता, त्याला पुन्हा काय करायचंय आणि कुठे अडलंय, ते ती दाखवतात. त्यामुळे 'मोहो की एनडीटी' असा प्रश्नच येत नाही. दोन्ही एकाच पेशंटसाठी एकाच दिवशी वापरतात.

एक पेशंट धरून चालू. समजा, सुभाषनगरातले चप्पल कारागीर आहेत, वय चौपन्न, स्ट्रोक होऊन दीड महिना झालाय, उजवी बाजू कमजोर. चामडं कापायची रापी आणि भोकं पाडायची आरी उजव्या हातात धरायची सवय. बायको चपलेची चामड्याची वेणी विणते, मुलगा दुकान बघतो. सकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचा नेम होता, शुक्रवारी अंबाबाईचं दर्शन चुकत नसे. तू आज काय करशील? ब्रनस्ट्रॉमची स्टेज (हालचाल किती परतली) लिहिशील, मॉडिफाइड ॲशवर्थ (स्नायूंचा ताठरपणा) लावशील, ग्रिप मोजशील, मग एडीएल (आंघोळ-कपडे अशी रोजची कामं) विचारशील. यात चूक काहीच नाही. फक्त या नोंदीत चप्पल कुठेच नाही, कट्टाही नाही.

मोहो, म्हणजे मॉडेल ऑफ ह्युमन ऑक्युपेशन, गॅरी कीलहॉफनर आणि जॅनिस बर्क यांनी १९८० साली मांडलं. त्याची मुळं कीलहॉफनर यांच्या गुरू मेरी रायली यांच्या विचारात आहेत. यात माणसाचे तीन भाग बघतात. पहिला व्हॉलिशन: स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास, आपल्याला काय मोलाचं वाटतं आणि कशात रस आहे. दुसरा हॅबिच्युएशन: सवयी आणि भूमिका. तिसरा परफॉर्मन्स कपॅसिटी: काम करायची शारीरिक आणि मानसिक क्षमता. या तिन्हींभोवती परिस्थिती. आता आपल्या कारागिरांकडे बघ. ग्रिप थोडी सुधारली तरी ते म्हणतात, "आता माझ्याच्यानं काय व्हईना." मोहो इथे थांबवतं आणि सांगतं की अडचण बोटांइतकीच व्हॉलिशनमध्ये आहे. पहाटेचा कट्टा सुटला म्हणजे दिवसाची सुरुवात सुटली, चार माणसं सुटली. दुकानात मुलगा बसला म्हणजे मालक ही भूमिका सरकली. रोल चेकलिस्ट (भूमिकांची यादी) घेतलीस तर हे पंधरा मिनिटांत कागदावर येतं. ऑफी-टू ही जीवनकथेची मुलाखत जास्त वेळ खाते, पण डिप्रेशनच्या पेशंटमध्ये तिच्याइतकं खोल मला दुसरं काही सापडलेलं नाही. मोहोची चाचण्यांची शिदोरी मोठी आहे आणि मानसिक आरोग्याच्या कामात ते फार चालतं. खटकतं ते एवढंच की शब्द अवजड आहेत, पेशंटच्या घरच्यांसमोर ते उच्चारायचे नाहीत.

कॅनडात तुझी रोज गाठ पडेल ती कॅनेडियन घराण्याशी. १९९७ साली सीएमओपी (कॅनेडियन मॉडेल ऑफ ऑक्युपेशनल परफॉर्मन्स) आलं, २००७ साली टाउनसेंड आणि पोलाटायको यांनी त्याला एंगेजमेंटची, म्हणजे कामात गुंतण्याची, जोड दिली, तेच सीमॉप-ई. मध्ये त्रिकोणात माणूस, त्याची भावनिक, बौद्धिक आणि शारीरिक अंगं आणि गाभ्यात स्पिरिच्युॲलिटी. इथे देवधर्म एवढाच अर्थ घेऊ नकोस. ज्यामुळे माणसाला जगण्यात अर्थ वाटतो ते सगळं त्यात येतं. आपल्या कारागिरांसाठी अंबाबाईही त्यात आहे आणि हाताने बांधलेली चप्पलही. माणसाभोवती ऑक्युपेशनचे, म्हणजे रोज करायच्या कामांचे, तीन भाग: स्वतःची देखभाल, उत्पादक काम, फुरसत. त्याच्याबाहेर भौतिक, संस्थात्मक, सांस्कृतिक आणि सामाजिक परिस्थिती. २०२२ साली मेरी इगन आणि गेल रेस्टॉल यांनी संपादित केलेल्या पुस्तकात कॅनमॉप (कॅनेडियन मॉडेल ऑफ ऑक्युपेशनल पार्टिसिपेशन) हे नवं मॉडेल आलं. त्यात मध्यभागी एकटा माणूस न ठेवता सहभाग ठेवलाय आणि नातेसंबंध, इतिहास, घरापासून सरकारी धोरणापर्यंतचे थर यांना जागा दिलीय. जुन्या पुस्तकांवर तयारी करून येणाऱ्यांना हे माहीत नसतं. तू वाचून ये.

या घराण्यातलं सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे सीओपीएम (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर) ही मुलाखत, १९९१ पासूनची. पेशंटला अडलेल्या गोष्टी सांगायला लावायच्या, महत्त्व ठरवायचं, मग सगळ्यात मोलाच्या पाचपर्यंत गोष्टींसाठी 'किती जमतं' आणि 'किती समाधान आहे' याला १ ते १० गुण द्यायला सांगायचं. काही आठवड्यांनी पुन्हा विचारायचं. दोन किंवा जास्त गुणांचा फरक अर्थपूर्ण धरतात. हे तू उद्यापासून तुझ्या सेंटरमध्ये सुरू करू शकतेस आणि करच. मात्र आपल्याकडे पहिल्याच प्रश्नाला उत्तर येतं, "तुमीच ठरवा की म्याडम." मग गुण मागत बसू नकोस. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते विचार. दिवस सांगता सांगता माणूस आपोआप अडलेल्या जागी थांबतो. ती जागा लिहून घे, गुण नंतर.

आणि इथेच एक मोठी गोष्ट कळते. आंघोळीबद्दल विचारल्यावर आपले कारागीर म्हणाले, "पोरगा घालतोय की." त्यांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना हवंय ते दुकानातल्या चामड्यापाशी बसणं. सवयीने आपण 'स्वतंत्रपणे आंघोळ' हे पहिलं ध्येय लिहितो, कारण पुस्तकातल्या चेकलिस्टमध्ये ते वर असतं. मॉडेल प्रामाणिकपणे वापरलं तर ते ध्येय खाली जातं आणि चप्पल वर येते. मुलाने वडिलांना आंघोळ घालणं हे आपल्या घरांत अपंगत्वाचं लक्षण मानत नाहीत. इथे आलीस की टोरंटो, ब्रॅम्प्टनच्या कितीतरी भारतीय घरांत हेच दिसेल, आणि ते टीमला समजावून सांगणारी तू असशील.

पीईओ (पर्सन-एन्व्हायर्नमेंट-ऑक्युपेशन) सगळ्यात सुटसुटीत. मेरी लॉ आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडलं: माणूस, परिस्थिती, काम, अशी तीन वर्तुळं. ती जितकी एकमेकांत मिसळतात तितकं काम चांगलं होतं, आणि मिसळ वाढवायला तिन्हींपैकी कुठलंही वर्तुळ हलवता येतं. आपण बहुतेक वेळा एकच वर्तुळ, म्हणजे माणूस, हलवत बसतो. कारागिरांचा उजवा हात पूर्वीसारखा होईलच असं नाही. मग परिस्थिती बदल: जमिनीवरच्या बैठकीऐवजी बेताच्या उंचीचं बसणं, चामडं धरून ठेवणारा शिकंजा. काम बदल: कापणी मुलाकडे, माप घेणं, चामडं निवडणं, गिऱ्हाईकाशी बोलणं त्यांच्याकडे. रापी डाव्या हातात द्यायची घाई मात्र नको, आधी संवेदना आणि लक्ष तपास. इथे हेच मॉडेल मला हिवाळ्यात रोज लागतं. जो पेशंट ऑगस्टमध्ये वॉकर घेऊन बसस्टॉपपर्यंत जातो, तोच जानेवारीत बर्फामुळे घरात अडकतो. त्याच्या पायांत काहीच बदललेलं नसतं. क्रिस्टियनसेन आणि बॉम यांचं पीईओपी १९९१ चं, याच्याच जवळचं. परीक्षेपुरता दोघांतला फरक बघून ठेव.

कावा (जपानीत नदी) वेगळ्या मातीतलं आहे. मायकल इवामा यांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर ते घडवलं, पुस्तक २००६ चं. इवामांचं म्हणणं असं की पाश्चात्त्य मॉडेल्समध्ये मध्यभागी एकटा 'मी' असतो, तो परिस्थितीवर ताबा मिळवतो. सगळ्या समाजांत माणूस स्वतःला असं बघत नाही. म्हणून त्यांनी आयुष्याला नदी मानलं. पाणी म्हणजे जगण्याचा ओघ, काठ आणि तळ म्हणजे भोवतीची माणसं आणि परिस्थिती, दगड म्हणजे अडचणी, वाहती लाकडं म्हणजे स्वभाव, कसब, पैसा, ओळखी. ही लाकडं दगडांत अडकून पाणी अडवतात किंवा धक्का देऊन दगड हलवतात. आपण काम करायचं ते मधल्या फटींत, जिथून अजून पाणी वाहतंय. कोल्हापूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, पंचगंगा डोळ्यांसमोर असते. पण एक जप. पंचगंगेकाठच्या आंबेवाडी-चिखलीच्या माणसाने २०१९ आणि २०२१ चे पूर भोगलेत. भरपूर पाणी म्हणजे भलं, हे त्याला पटेलच असं नाही. त्याला त्याची नदी त्याच्या हाताने काढू दे, आणि नदी नकोच असेल तर दुसरं काहीतरी. इवामांनीही ही मुभा दिलेली आहे. कावातून गुण निघत नाहीत, त्यामुळे विमा कंपनीच्या रिपोर्टला ते पुरत नाही. पण नवरा-बायको-मुलगा एकत्र बसून एक चित्र काढतात तेव्हा जे बाहेर येतं, ते कुठल्याही फॉर्ममध्ये येत नाही.

माझं मत विचारशील तर पीईओ हाडीमाशी मुरव, सीओपीएम वीसेक पेशंटवर खरोखर वापर, मोहो सावकाश आणि खोल वाच, कॅनमॉप समजून घे आणि कावा मनाजवळ ठेव. अमेरिकेचं ओटीपीएफ (ऑक्युपेशनल थेरपी प्रॅक्टिस फ्रेमवर्क), चौथी आवृत्ती २०२०, हे मॉडेल नाही, ती व्यवसायाची चौकट आहे. मुलाखतीत कोणतं मॉडेल वापरतेस असं विचारलं तर एक नाव सांगून थांबू नकोस. एक पेशंट सांग: विचार पीईओने केला, ध्येय सीओपीएमने ठरलं, हातावरचं काम बायोमेकॅनिकल पद्धतीने केलं, आणि या वाटेने गेले नसते तर काय सुटलं असतं. ब्रनस्ट्रॉम, एनडीटी येतं याची लाज बाळगू नकोस, स्प्लिंट बनवणारा तुझा हात इथे मोलाचा ठरेल. आणि २०२१ च्या कॅनेडियन कॉम्पिटन्सीज (ओटीला काय काय यायला हवं त्याची यादी) वाचून ये. त्यात संस्कृती, समता आणि न्याय असा स्वतंत्र विभाग आहे. तुझ्या पेशंटांच्या गोष्टी तिथे थेट लागू पडतात.

कागदांचं थोडक्यात. परदेशात शिकलेल्यांची समकक्षता एसीओटीआरओची (प्रांतांच्या नियामक संस्थांचा संघ) सीज ही व्यवस्था तपासते, राष्ट्रीय परीक्षा सीएओटी ही ओटींची राष्ट्रीय संघटना घेते, ऑन्टारिओत नोंदणी तिथल्या 'कॉलेज'कडे, म्हणजे नियामक संस्थेकडे. तुझा कोर्स डब्ल्यूएफओटी-मान्य (ओटींच्या जागतिक महासंघाची मान्यता) आहे का, हे पहिलं बघ. त्यांच्या निकषांत किमान १००० तासांचं क्लिनिकल काम लागतं, म्हणून इंटर्नशिपचे आणि प्रत्येक पोस्टिंगचे तास सही-शिक्क्यानिशी लिहून घे. सविस्तर अभ्यासक्रम तुझ्या शिक्षणाच्या कॉलेजकडून, ट्रान्सक्रिप्ट नाशिकच्या विद्यापीठाकडून. तुला शिकवणारी माणसं बदलायच्या आत हे कर, इथे येऊन एका सहीसाठी फोन करत बसणं फार जड जातं. सीओपीएमने बघितलेल्या दोन-तीन पेशंटच्या केस नाव-गाव वगळून लिहून पाठव, मी वाचून सांगते कुठे काय सुटलंय.