‘पोरगीले परत बोलावू काय?’

खेळाडू मुलींचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा फिरून फिरून एकच गोष्ट विचारतात. मुलगी निवडली गेली, बाहेरगावी गेली, पण तिला खेळवत नाहीत आणि ती फोनवर रडते. मग परत बोलवायचं का? फुटबॉलबद्दल हे नागपुरात अलीकडे जास्त ऐकू येतं. शहराला हा खेळ नवा नाही. कामठीची रब्बानी, इथला यंग मुस्लिम ही क्लबांची नावं जुन्या माणसांना तोंडपाठ आहेत. विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ या संस्थेमधून वस्त्यांतल्या मुलीही मैदानात आल्या. पण फुटबॉल खेळून पगार आणणारी मुलगी म्हणजे बहुतेक घरांत पहिलीच. नात्यात विचारायला कुणी नाही, म्हणून लोक माझ्याकडे येतात.

असंच एक घर नंदनवन भागातलं. त्यांच्या परवानगीनं सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. धाकटा भाऊ म्हणतो म्हणून घरातले सगळेच तिला ताई म्हणतात, आपणही तेच म्हणू. ताई एकोणीस वर्षांची, डाव्या बाजूनं पळणारी विंगर. इंडियन विमेन्स लीगमध्ये, म्हणजे देशातल्या महिला फुटबॉलच्या पहिल्या श्रेणीत, खेळणाऱ्या परराज्यातल्या एका क्लबानं तिच्याशी वर्षाचा करार केला होता. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट होतं.

आधी एकटे वडीलच आले. हिंगणा एमआयडीसीत फिटर आहेत. प्लॅस्टिकच्या फायलीत कराराची झेरॉक्स घेऊन आले आणि बसायच्या आधीच फाईल माझ्यासमोर ठेवली. “मॅडम, वाचा तुम्हीच. फसवलं तर नाही ना जी आमाले? तीन महिने झाले, पोरगी नुसती बेंचवर बसून राहिली. रोज रडते. म्हणते, मले फुटबॉलच नाही खेळाचा. परत बोलावू काय?”

करारात फसवणूक नव्हती. उलट बरा होता. भारतीय फुटबॉल महासंघानं २०२३ मध्ये असा नियम केला की लीगमधल्या प्रत्येक क्लबानं किमान दहा भारतीय मुलींशी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार करावा. म्हणजे महिन्याला साधारण सव्वीस-सत्तावीस हजार. ताई त्या दहांत होती. वडिलांच्या मनात बसलेलं गणित वेगळं होतं. पगार देतात तर खेळवत का नाहीत?

त्यांना मी लीगचं वेळापत्रक काढून दाखवलं. २०१६-१७ ला सुरू झालेली ही स्पर्धा अजून लहानच आहे. २०२४-२५ च्या मोसमात आठ संघ होते, प्रत्येकाच्या वाट्याला चौदा सामने, जानेवारी ते एप्रिल. चौदा सामन्यांत दोन-तीन हरले की प्रशिक्षक घाबरतो, आणि घाबरलेला माणूस नव्या मुलीला उतरवत नाही. त्यातून आघाडीच्या जागांवर युगांडा, घाना, नेपाळच्या मुली. विंगरनं थांबावं लागणं यात नवल काहीच नाही. पहिल्या मोसमात बेंच हा निकाल नसतो, बहुतेकींचा तो नेहमीचा पत्ता असतो. हे ऐकून ते थोडे सैलावले, पण लगेच म्हणाले, “मंग रडते काऊन?”

हा प्रश्न मला जास्त बरोबर वाटला. कारण बेंचवर बसून चिडणं, हिरमुसणं समजतं. सात वर्षं मैदानासाठी घरात भांडलेली मुलगी तीन महिन्यांत खेळच नको म्हणते, तेव्हा मी खेळाच्या आधी मुलीकडे बघते.

ताईशी पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बोलले आणि एप्रिलअखेर मोसम संपल्यावर ती समोर येऊन बसली. बाहेर नागपूरचा उन्हाळा पेटलेला, आणि ही पूर्ण बाह्यांचं जॅकेट घालून, कूलरपासून लांबची खुर्ची ओढून. भविष्याबद्दल मी काहीच विचारलं नाही. एकोणीसच्या वयात थकलेल्या माणसाला भविष्य विचारलं की उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. मी तिला एक दिवस सांगायला लावला, तासातासाचा. पाचला उठणं, सहाला सराव. नाश्त्याला दोन अंडी, काळी कॉफी. दुपारी वरण, काकडी, थोडं चिकन. भात नाही. संध्याकाळी जिम. रात्री सूप. पोळी?

“पोळी नाही खात मॅडम. जानेवारीपासून.”

संघातल्या कुणीतरी एकदा सहज म्हटलं होतं की तू खालून जड आहेस, म्हणून वळताना उशीर होतो. ताईनं ते वाक्य मनाला लावून घेतलं. खेळवत नाहीत म्हणजे वजनामुळेच, असा तिनंच हिशोब मांडला आणि भात-पोळी सोडली. आईनं “जेवली काय?” विचारलं की हो म्हणायची. झोप तुटक. डाव्या नडगीचं हाड दुखायचं, पण फिजिओला सांगितलं नाही. सांगितलं तर बेंचवरूनही काढतील ही भीती.

मग मी पाळीचं विचारलं. ती हसली. “संक्रांतीनंतर आलीच नाही. बरं झालं ना, कटकट गेली!”

आई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, “खेळणाऱ्या पोरींची जातेच ना मॅडम?”

नाही, जात नसते. हे वाक्य मी इतक्या आयांकडून आणि काही प्रशिक्षकांकडूनही ऐकलं आहे की शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावंसं वाटतं. जेवढी ताकद मैदानावर खर्च होते तेवढं अन्न पोटात गेलं नाही, तर शरीर काटकसर करायला लागतं आणि पहिली कात्री लागते ती पाळीला. मग हाडं कमजोर होतात, नडगीला बारीक भेगा पडू शकतात, दुखणी भरून येत नाहीत, सर्दी-ताप मागे लागतो. मन चिडकं, उदास होतं आणि ज्यात जीव होता त्यात रस उरत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ पासून या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं आहे. वाईट हे की अशी मुलगी हडकुळीच दिसेल असं नाही. ताईकडे बघून कुणालाही ती धडधाकटच वाटली असती.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. त्याच आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तीन महिने पाळी नाही म्हणजे तपासणी हवीच, मुलगी खेळाडू असो वा नसो. हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाचा साठा तळाला. नडगीचा एमआरआय झाला आणि पळणं बंद. आहारतज्ज्ञ बाईंनी भात-पोळी परत आणली. त्यावर ताई जेवढी भांडली तेवढी बेंचवरून कधी भांडली नसेल.

या काळात घरात मी एकच नियम घालून दिला. फुटबॉल ठेवायचा की सोडायचा याचा निर्णय पाळी परत येईपर्यंत कुणीही घ्यायचा नाही. वडिलांना हे अजब वाटलं. पण उपाशी शरीर ‘नको’ म्हणतं तेव्हा ते नेमकं कशाला नको म्हणतंय हे त्या मुलीलाही कळत नाही. वडिलांसाठी आणखी एक सांगणं होतं. रोज संध्याकाळी त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “आज खेळवलं काय?” सामन्याच्या दिवशी ताई फोन उचलेनाशी झाली होती ती त्यामुळेच. प्रशिक्षकाला स्वतः फोन करायचाही त्यांचा बेत होता. तो मी हाणून पाडला. पगार घेणाऱ्या खेळाडूच्या बापानं साहेबाला फोन केला की मुलगी पुन्हा शाळकरी होते.

बोलायचं ते ताईनंच. माझ्याकडे आम्ही त्याची तालीम केली. प्रशिक्षक मराठी नव्हते, म्हणून मी हिंदीतून प्रशिक्षक झाले आणि मुद्दाम मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. पहिल्यांदा ती “सर, वो… मेरे को…” इथेच अडकली. नंतर नंतर जमायला लागलं. ‘मला का नाही खेळवत’ ही तक्रार झाली. ‘विंगला मी कितव्या नंबरवर आहे आणि वर जायला सरावात काय दिसायला हवं’ याला उत्तर द्यावं लागतं. सुट्टीत तिनं फोन केला. उत्तर मिळालं, मागे येऊन बचाव कर. वजनाचा विषयसुद्धा निघाला नाही.

वडिलांना वयाचीही घाई होती. भारताची मनीषा कल्याण विशीतच, २०२२ मध्ये, सायप्रसच्या अपोलॉन क्लबाकडून युरोपातली महिलांची चॅम्पियन्स लीग खेळली, हे त्यांना ठाऊक होतं आणि ते ताईलाही ऐकवत. मी त्यांना भारताच्याच बाला देवीचं सांगितलं. स्कॉटलंडच्या रेंजर्सनं २०२० मध्ये तिच्याशी करार केला तेव्हा ती २९ वर्षांची होती. पुढे गुडघा दुखावला, बराच काळ बाहेर राहिली आणि २०२४ मध्ये भारतासाठी पन्नासावा गोल करून मोकळी झाली. तेव्हा एकोणिसाव्या वर्षी उशीर झाला म्हणायला जागा नाही.

नोकरीचं मात्र वडिलांचं बरोबर होतं आणि तसं मी ताईला सांगितलंही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि पोलीसही घेतात, पण प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं आहे हे बघतात आणि वरच्या पदांना पदवी लागते ती लागतेच. अर्धवट राहिलेले पेपर तिनं भरले. पुढचा करार सही करण्याआधी दुखापतीचा खर्च कोण करणार आणि दुखापतीत पगार चालू राहणार का, हे लिहून घ्यायचं ठरलं. आणि ट्रायलसाठी पैसे मागणारा एजंट भेटला तर फिफाचा परवाना दाखव म्हणायचं. बहुतेक तिथूनच पळतात.

पाळी ऑगस्टमध्ये आली. नडगी त्याआधीच शांत झाली होती. ताईला विचारलं, आता सांग. तिला खेळायचं होतं.

जुन्या क्लबानं करार वाढवला नाही. त्याच लीगच्या दुसऱ्या श्रेणीतल्या, म्हणजे आयडब्ल्यूएल-२ मधल्या एका क्लबानं बोलावलं. पैसे निम्म्याहून कमी, पण सुरुवातीच्या अकरांत जागा मिळेल असं तोंडी आश्वासन. ताईनं होकार दिला. वडिलांना ही खालची पायरी वाटते. ते अजूनही मला फोन करून वाद घालतात, आणि तोंडी आश्वासनाला किंमत काय, हा त्यांचा मुद्दा मला खोडता आलेला नाही.