19व्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती साहित्यासाठी सेमिनरीचं ग्रंथालय कसं वापरायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: मराठीत पीएचडी चालू आहे, विषय 19व्या शतकातलं ख्रिस्ती गद्य, तुम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. सेमिनरीच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या, ग्रंथालयात आत घेतील का, आणि घेतलं तर तिथे नेमकं काय मागायचं?

आत घेतात. धर्म कुणी विचारत नाही, काम विचारतात. पण ही ग्रंथालयं सार्वजनिक वाचनालयं नाहीत. ती तिथल्या विद्यार्थ्यांसाठी चालतात, त्यामुळे आगाऊ परवानगी लागते. विभागप्रमुखांचं किंवा मार्गदर्शकांचं लेटरहेडवरचं पत्र घ्या. त्यात विषय, किती दिवस येणार आणि कोणत्या प्रकारची सामग्री हवी, हे तिन्ही असू द्या. सोबत विद्यापीठाचं ओळखपत्र, आधारची प्रत आणि एक फोटो ठेवा. बाहेरच्या वाचकाला पुस्तक घरी मिळत नाही, तिथेच बसून वाचायचं. दिवसाचं किंवा महिन्याचं शुल्क प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, ते फोनवर विचारून घ्या. सकाळी चॅपलच्या वेळात काउंटर बंद असू शकतो, रविवारी ग्रंथालय बंद. नाताळची सुट्टी, ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह आणि उन्हाळ्याची सुट्टी टाळून या. सत्राअखेरीस निबंध जमा करायची घाई असते, तेव्हा टेबल मिळणंही कठीण.

कुठे जायचं हे विषयावर ठरतं. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती 1953 साली यवतमाळला सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्यात आली. प्रोटेस्टंट मिशन, बायबलची भाषांतरं, चर्चचा इतिहास यासाठी सुरुवात तिथून करा. नगर रस्त्यावर रामवाडीला ज्ञानदीप (पूर्वीचं ज्ञानदीप विद्यापीठ) आणि पेपल सेमिनरी आहे. पेपल सेमिनरी 1955 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली. कॅथलिक परंपरा, तत्त्वज्ञान आणि भारतीय धर्मविचार यासाठी ते ठिकाण. बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अभिलेखागार आहे, बंगालमध्ये सेरामपूर कॉलेजात कॅरी ग्रंथालय. एक सावधगिरी: जुन्या मराठी पुस्तकावर 'श्रीरामपूर' छापलेलं दिसलं तर ते हुगळीकाठचं सेरामपूर, नगर जिल्ह्यातलं नव्हे. मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण आणि मत्तयकृत शुभवर्तमान, दोन्ही 1805 साली तिथेच छापले गेले.

आता मुख्य अडचण. तुमचा विषय ग्रंथालयात एका कपाटात नसतो. वर्गीकरण बहुधा ड्युईचं, म्हणजे विषयाला आकडे देणाऱ्या पद्धतीचं, असतं आणि धर्मासाठी 200 ते 299 हा पट्टा. पण मराठी ख्रिस्ती साहित्य त्यात आणि त्याबाहेरही अनेक ठिकाणी फुटतं. मराठी बायबल 220.59146 मध्ये. मिशनचे अहवाल 266 मध्ये. भारतातल्या चर्चचा इतिहास 275.4 मध्ये. मिशनऱ्यांची आणि धर्मांतरितांची चरित्रं 922 मध्ये. भजनं आणि गायनपुस्तकं जुन्या ड्युईनुसार 245 मध्ये, नव्या आवृत्तीनुसार 264.23 मध्ये, कित्येक ग्रंथालयांत दोन्ही आकडे एकाच वेळी चालू असतात, कारण जुनी पुस्तकं पुन्हा वर्ग करायला माणसं नाहीत. आणि बाबा पद्मनजींची 1857 ची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी धर्माच्या कपाटात मिळेलच असं नाही, ती 891.46 म्हणजे मराठी साहित्यात असू शकते. एकाच कपाटासमोर उभं राहून 'इथे काही नाही' असा निष्कर्ष काढू नका. हे सगळे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि एकेक करून फिरा.

संगणकावरच्या तालिकेत शोधताना दुसरी अडचण येते ती रोमन लिप्यंतराची. बऱ्याच नोंदी देवनागरीत नसतात. अमेरिकन ग्रंथालयांच्या पद्धतीनं केलेल्या नोंदीत 'च'साठी नुसतं 'सी' आणि 'छ'साठी 'सी-एच' येतं. शेवटचा न उच्चारला जाणारा 'अ'ही लिहिला जातो, त्यामुळे टिळक हे आडनाव 'टी-आय-एल-ए-के-ए' असं सापडतं. 'ज्ञ'साठी 'जे-एन' येतं. म्हणजे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक एका नोंदीत 'जे'खाली, आणि ज्यांनी इंग्रजी मुखपृष्ठावरून नोंद केली त्यांच्याकडे 'डी-एन-वाय'खाली. दोन्हीकडे पाहा. कोहासारख्या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत शब्दाच्या सुरुवातीची चार-पाच अक्षरं टाकून पुढे तारांकन दिलं तर असे फरक बरेचसे झाकले जातात.

तिथेही सापडलं नाही तर? जुनी मराठी पुस्तकं संगणकावर चढलेलीच नसतात, हे फार सर्रास घडतं. इंग्रजी पुस्तकांची नोंद बाहेरून उतरवून घेता येते. मराठीची हातानं करावी लागते, म्हणून ती मागे राहते. ग्रंथपालांना दोन गोष्टी मागा: कार्डांची जुनी कपाटं आणि ॲक्सेशन रजिस्टर. रजिस्टरमध्ये पुस्तक आलं त्या क्रमानं नोंद असते. एखाद्या मिशनऱ्याचा खाजगी संग्रह देणगी म्हणून आला असेल तर त्याच्या पुस्तकांचे क्रमांक एकापुढे एक असतात. एक सापडलं की पुढचीमागची पानं चाळा.

आणि जाडजूड बांधीव खंड सोडू नका. पुठ्ठ्याच्या कण्यावर फक्त 'मराठी ट्रॅक्ट्स' असं लिहिलेलं असतं, आत दहा-बारा ट्रॅक्ट्स, म्हणजे धर्मप्रचाराच्या छोट्या पुस्तिका, एकत्र शिवलेल्या. बॉम्बे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटीनं काढलेल्या सोळा, चोवीस, बत्तीस पानांच्या पुस्तिका अशाच टिकल्या. तालिकेत बहुतेक वेळा पहिल्या पुस्तिकेचंच नाव असतं, बाकीच्या जणू अस्तित्वातच नाहीत. खंड टेबलावर घ्या, प्रत्येक पुस्तिकेचं मुखपृष्ठ उघडून शीर्षक, वर्ष, छापखाना आणि आवृत्ती उतरवा. किती प्रती छापल्या हेही कधीकधी तिथेच दिलेलं असतं. माझ्या मते तुमच्या विषयाचा सगळ्यात कमी वापरला गेलेला साठा हाच आहे.

'ज्ञानोदय' 1842 साली अहमदनगरहून अमेरिकन मराठी मिशननं सुरू केलं. त्याच्या फायली पाहताना कागदाकडे लक्ष द्या. 1840-50 च्या दशकांतला चिंध्यांपासूनचा कागद अजून लवचीक असतो. 1880 नंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा, ठिसूळ झालेला, कोपरा दुमडला की तुटतो. म्हणजे जुनं ते नाजूक हा समज इथे उलटा ठरू शकतो. बांधीव खंड झेरॉक्सवर उताणा दाबायचा नाही, कणा तुटतो. खंडाखाली दोन्ही बाजूंना उशी किंवा फोमचा तुकडा ठेवून तो काटकोनापेक्षा थोडाच जास्त उघडा. परवानगी घेऊन मोबाईलनं फ्लॅशशिवाय फोटो काढा. पहिला फोटो कॉल नंबर (पुस्तकाचा कपाटातला क्रमांक) आणि खंड-वर्ष लिहिलेल्या चिठ्ठीचा, दुसरा मुखपृष्ठाचा, मग हवी ती पानं, पानाचा क्रमांक चौकटीत येईल असे. हे केलं नाही तर तीन महिन्यांनी चारशे फोटोंतलं कोणतं पान कुठल्या अंकातलं हे ओळखता येत नाही आणि तळटीप अडते. लिहिण्यासाठी पेन्सिल न्या, जुन्या साहित्याजवळ शाई चालत नाही.

प्रताधिकाराची फार काळजी नको. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं तो राहतो, त्यामुळे 19व्या शतकातलं जवळपास सगळं मोकळं आहे. पण प्रत काढू द्यायची की नाही हे ग्रंथालय कागदाची अवस्था बघून ठरवतं. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या वेगळ्या. त्यात कुटुंबांची माहिती असते, चर्चची लेखी परवानगी लागते, आणि ती नाकारली तर वाद घालू नका.

संदर्भ विभागात एक तास घालवा, विषय साहित्याचा असला तरी. शब्दानुक्रमणी (बायबलमधला शब्द कोणकोणत्या वचनांत येतो याची सूची), बायबलकोश, ग्रीक-हिब्रू शब्दकोश तिथे उघड्या कपाटात असतात. 19व्या शतकातला मराठी ख्रिस्ती लेखक 'तारण', 'अनुग्रह', 'पश्चात्ताप' लिहितो तेव्हा तो शब्द कोणत्या वचनातून उचलला हे कळल्याशिवाय त्याच्या गद्यावर नीट लिहिता येत नाही. त्यासाठी त्या काळाचं मराठी भाषांतर हवं, आजचं नव्हे. सेरामपूरचा मराठी नवा करार 1811 चा, पंडिता रमाबाईंचं संपूर्ण बायबल 1924 चं. मधल्या काळात मुंबईची भाषांतरं पुन्हा पुन्हा सुधारली गेली. उतारा जुळवताना भाषांतराचं वर्ष लिहाच.

मागे जाऊन जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' हे काव्य पाहायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा: 1616 ला गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापलेल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. सुमारे 11,000 ओव्यांच्या या ग्रंथाची 1907 ची मंगळूर आवृत्ती मागा. देवनागरी हस्तलिखित लंडनला सोआस या विद्यापीठ-संस्थेत आहे.

ऑनलाइन साधनांपैकी ॲटलाचा धर्मविषयक लेखांचा संग्रह सशुल्क आहे. सेमिनरीनं तो घेतलेला असेल तर बहुधा आवारातल्या नेटवर्कवरच उघडतो, बाहेरच्या वाचकाला घरून लॉगिन मिळत नाही. म्हणून शोधशब्द घरीच तयार करा, तिथे बसून पीडीएफ स्वतःला ईमेल करा. ग्लोबएथिक्सचं ऑनलाइन ग्रंथालय मोफत नोंदणीवर चालतं. अमेरिकन मिशनचं बोस्टनहून निघणारं 'मिशनरी हेरल्ड' इंटरनेट अर्काइव्हवर बरंच मिळतं. त्या मिशनची मूळ पत्रं हार्वर्डच्या हूटन ग्रंथालयात आहेत. सेमिनरीतले एमटीएच आणि डीटीएच या धर्मशास्त्राच्या पदव्यांचे प्रबंध मात्र शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर शोधत बसू नका. ते बहुधा त्या ग्रंथालयाच्या कपाटातच असतात आणि त्यांच्या संदर्भसूच्या तुमचे कित्येक दिवस वाचवतील.

जाण्याआधी आठ-दहा दिवस ग्रंथपालांना ईमेल करा. 'ख्रिस्ती साहित्यावर काही मिळेल का' असं विचारलं तर उत्तरही तसंच मोघम येईल. '1842 ते 1860 चे ज्ञानोदयचे कोणते खंड तुमच्याकडे आहेत, ट्रॅक्टचे बांधीव खंड आहेत का, आणि ते वाचनकक्षात आणायला किती वेळ लागतो' असं विचारा. स्टोअरमधल्या बंद कपाटातली पुस्तकं काढायला एक दिवस लागू शकतो, आणि ती तुम्ही पोचायच्या आधी टेबलावर काढून ठेवलेली असणं यासारखी मदत नाही.