‘ध्वनिलहरींचा लिलाव’ म्हणायचं का?

प्रश्न असाय की सरकार मोबाइल कंपन्यांसाठी जो लिलाव करतं त्याला बातम्यांत ‘ध्वनिलहरींचा लिलाव’ म्हणतात ते बरोबर का, आणि लिलाव महागात गेला की रिचार्ज महागतं हे खरं का.

पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं, आणि मला हा शब्द मनापासून खटकतो. ध्वनी म्हणजे आवाज, आपल्याला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकू येतो, आणि त्याला जायला हवापाणी असं काहीतरी लागतंच. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी म्हणजे सेकंदाला ९० कोटी कंपनं, प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या, त्या रेडिओलहरी.

पण ‘रेडिओलहरींचा लिलाव’ हेही अर्धंच बरोबर, कारण लहरी तर टॉवर आणि आपला फोन तयार करतात, त्या सरकार कुठून विकणार? सरकार देतं तो हक्क, अमुक फ्रिक्वेन्सीत, अमुक सर्कलात (म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या विभागात), २० वर्षं लहरी सोडायचा. (मुंबईचं सर्कल वेगळं, त्यात नवी मुंबई, ठाणे, कल्याणही येतं, बाकीचा महाराष्ट्र गोव्याबरोबर.) म्हणून मला ‘पट्टा’ हा शब्द फार आवडतो. पट्टा म्हणजे पट्टी, आणि भाडेपट्ट्यातलाही पट्टाच, मुंबईत सरकारी जमिनीवरच्या सोसायट्यांना तो चांगला ठाऊक आहे. दोन्ही अर्थ इथे चपखल बसतात, मुदत संपली की पट्टा परत जातो. मुंबईकरांना लूप मोबाइल आठवत असेल, आधीची बीपीएल, तिचं लायसन नोव्हेंबर २०१४ मध्ये संपलं, त्याआधी फेब्रुवारीत झालेल्या लिलावात तिने स्पेक्ट्रम (म्हणजे हेच फ्रिक्वेन्सी पट्टे) घेतलं नव्हतं, सेवा बंद पडली. तेव्हा ‘स्पेक्ट्रमचा लिलाव’ किंवा ‘फ्रिक्वेन्सी पट्ट्यांचा लिलाव’ म्हणा, दोन्ही चालतील.

आता रिचार्ज. एकदा भरलेले पैसे भरलेले, त्यानंतर दर किती ठेवता येतो ते बाजारात किती जण उरलेत त्यावर ठरतं. २०१० च्या थ्रीजी लिलावात सरकारला ६७ हजार कोटींच्या वर मिळाले, पण तेव्हा कंपन्यांची इतकी गर्दी होती की कॉलचे दर वाढवायची सोय नव्हती. उलट जून २०२४ चा लिलाव जेमतेम ११,३४० कोटींचा, आणि पुढच्याच आठवड्यात तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी रिचार्ज महाग केलं. म्हणजे लिलावाचा संबंध नाही असं मात्र नाही, हप्ते आणि कर्जं वर्षानुवर्षं चालतात, त्यात लहान कंपन्या मोडतात नाहीतर विलीन होतात, आणि मग उरलेल्यांना दर वाढवता येतात. परिणाम होतो तो असा वळसा घालून.

बातमीत ‘राखीव किंमत’ दिसली तर तीही नीट वाचा, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती किंमत. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून चांगला आत शिरतो, आपल्या दाट वस्तीला तर फारच कामाचा, पण २०१६ मध्ये देशभरासाठी एका मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी राखीव किंमत लावली आणि एकही बोली आली नाही. २०२१ लाही कुणी बोली लावली नाही. २०२२ मध्ये ती ३,९२७ कोटींवर आणली तेव्हा कुठे जिओने तो घेतला.